मुदतरावांचा आपोआप कारभार

महिन्यातला पहिला शनिवार होता. मुदतरावांनी दाढी उरकली, चहाचा कप स्वतः विसळून पालथा घातला, स्वयंपाकघरातल्या टेबलावरचं प्लॅस्टिकचं आच्छादन आधी ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने पुसलं आणि त्यावर महिन्याची बिलं मांडली. मांडण्याचा क्रम रकमेवर नव्हता, रस्त्यावर होता. कोपऱ्यावर विजेचं कार्यालय, म्हणून विजेचं बिल वर. त्यापुढे टेलिफोन, मग गॅस, मग वाचनालय आणि शेवटी चपलांच्या दुकानावरचं श्रवण-ग्रंथालय. सगळ्यांना एक टाचणी. सुटी नाणी औषधाच्या रिकाम्या बाटलीत. पेनं दोन: एक लिहिण्यासाठी, दुसरं रांगेत उसनं देण्यासाठी. दुसरं देताना मुदतराव त्याचं टोपण आपल्याच मुठीत ठेवत, त्यामुळे ते आजवर कधीही हरवलं नव्हतं.

मुदतराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नको. पाणी तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत ते वरिष्ठ तंत्रज्ञ होते आणि तिथल्या दारावरच्या पाटीवर त्यांचं रीतसर नाव होतं. पण आयुष्यात एकही बिल मुदत उलटून भरलं नाही, या एका कर्तृत्वावर इमारतीने त्यांना ही पदवी बहाल केली होती. समोर कोणी ती वापरली की ते किंचित नाराज होत आणि कोणी वापरली नाही की जरा जास्त नाराज होत.

“छत्री घ्या,” पत्नी आतून म्हणाली.

“आभाळ स्वच्छ आहे.”

“उन्हासाठी म्हणतेय. मागच्या वेळी विजेची रांग रस्त्यापर्यंत आली होती आणि तुम्ही टोमॅटोसारखे होऊन आलात.”

छत्री, पिशवी आणि टाचणी लावलेला गठ्ठा घेऊन मुदतराव पहिल्या मजल्यावर थांबले. तिथे मोठ्या बाई राहत. एका मुलींच्या शाळेच्या त्या निवृत्त मुख्याध्यापिका; एकट्या, ताठ, आणि गेल्या काही वर्षांत दृष्टीने इतक्या अधू झालेल्या की अक्षरं त्यांना मुंग्यांसारखी दिसत. जन्मभर वाचलेल्या बाईला हे फार जड गेलं असणार, पण त्यांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. त्यांनी श्रवण-ग्रंथालयाची वर्गणी भरली आणि त्या फोनवर पुस्तकं ऐकू लागल्या. त्यातही खुनाची. “चांगली पुस्तकं मी डोळे असताना वाचून घेतली,” असं त्या सांगत. दर पहिल्या शनिवारी त्या वर्गणीचं पाकीट तयार ठेवत, मुदतराव ते घेत, दाराजवळच्या खुर्चीत अर्धा कप चहा पीत आणि निघत. खुर्चीत ते पूर्ण टेकून बसत नसत. रांगा वाढत असतात, ही जाणीव त्यांच्या पाठीला कायम असे.

त्या शनिवारी मात्र चपलांच्या दुकानावरच्या ग्रंथालयाचं शटर खाली होतं. त्यावर कागद चिकटवला होता: वर्गणी यापुढे रोख स्वीकारली जाणार नाही, सभासदांनी बँकेतून आपोआप कपात होण्याची व्यवस्था करावी, होणाऱ्या सोयीबद्दल अभिनंदन.

मुदतरावांनी तो कागद दोनदा वाचला. गैरसोयीबद्दल दिलगिरी त्यांनी पुष्कळ वाचली होती. सोयीबद्दल अभिनंदन मात्र त्यांना आजवर कोणी केलं नव्हतं.

पत्नीचा धाकटा भाऊ विमा कंपनीत होता आणि जगातली कुठलीही अडचण फोनवर अंगठा फिरवून सुटते, असं त्याचं मत होतं. संध्याकाळी तो आला.

“भाऊजी, तुम्ही अजून रांगेत उभे राहता, हे मी ऑफिसात सांगितलं तर लोकांना खोटं वाटेल.”

“रांगेत उभं राहण्यात खोटं काय आहे?”

“अहो, पैसे आपोआप जातात. तुम्ही झोपलेले असलात तरी जातात. गावाला गेलात तरी जातात.”

“माणूस मेला तरी?” पत्नीने विचारलं.

“तरी जातात,” मेहुणा अभिमानाने म्हणाला.

मुदतरावांनी बाजू मांडून पाहिली. आपण पैसे देतो तेव्हा ते आपल्याला दिसले पाहिजेत, हा त्यांचा मुद्दा होता. जो पैसा हातातून जात नाही, तो गेला हे हाताला कळत नाही आणि हाताला न कळलेलं डोक्याला फार उशिरा कळतं. मेहुण्याचा मुद्दा असा, की माणूस विसरतो, आजारी पडतो, आळस करतो. यंत्र यांतलं काही करत नाही. दोघांचंही बरोबर होतं. अशा वादात ज्याच्या हातात फोन असतो तो जिंकतो.

मोठ्या बाईंच्या बँकेला फोनमधलं काही समजत नव्हतं, कारण ती बँक बाईंच्या वयाची होती. तेव्हा वर्गणी मुदतरावांच्या खात्यातून जावी आणि बाईंनी त्यांना रोख द्यावी, असं ठरलं. मेहुण्याने ग्रंथालयाचं पान उघडलं. बाईंचा फोन नंबर टाकला. मग अंगठा थांबला.

“हे म्हणतंय, दुसऱ्याची वर्गणी भरायची तर ती व्यक्ती कुटुंबातली हवी. नातं काय टाकू?”

“शेजारी.”

“तसं नाहीये यात. पती, पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील. यांतून एक निवडा.”

मुदतरावांनी यादी खालून वर आणि वरून खाली तपासली. पत्नी चहा गाळता गाळता थांबून पाहत होती, हे त्यांच्या लक्षात आलं.

“आई,” ते म्हणाले.

बाई त्यांच्याहून फार तर दहा वर्षांनी मोठ्या होत्या. पण बाकीचे पर्याय त्याहून अवघड होते. ही गोष्ट बाईंना सांगण्याची काही गरज नाही, असं सर्वानुमते ठरलं आणि त्याच बैठकीत मेहुण्याने वीज, टेलिफोन, गॅस, वाचनालय, सगळं आपोआप करून टाकलं. टाचणी डबीत परत गेली.

नव्याने पंथ स्वीकारलेला माणूस जुन्या अनुयायांपेक्षा कडवा असतो. मुदतरावांचं तेच झालं. प्रयोगशाळेत नळाचे नमुने तपासता तपासता ते सहकाऱ्यांना आपोआप कारभाराचे फायदे समजावू लागले. जिन्यात कोणी हातात बिल घेऊन भेटलं, तर रुग्णाकडे पाहावं तसं पाहू लागले. महिन्याचा पहिला शनिवार येई आणि जाई. ते वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचत, मग शब्दकोडं सोडवत, मग कपाटाची बिजागरी पिळत. “जा ना कुठेतरी,” पत्नी म्हणे. पण जायला आता जागाच नव्हती. बाईंकडे जायचं तर कारण हवं. वर्गणीचे पैसे वर्षअखेरीला एकदम घ्यावेत, दर महिन्याला हात पसरणं बरं दिसत नाही, असं त्यांनी स्वतःशी ठरवलं होतं आणि हे ठरल्याचं बाईंना कळवायचं राहून गेलं होतं.

अशाच एका मोकळ्या शनिवारी त्यांनी फोनवर श्वसनाचा वर्ग सुरू केला. पहिला महिना मोफत होता. एका बाईचा मृदू आवाज सांगे, श्वास घ्या. आणि थोड्या वेळाने, सोडा.

“इतकी वर्षं फुकट घेत होतात,” पत्नी म्हणाली. “तेव्हा काही अडलं होतं का?”

“ही शास्त्रशुद्ध पद्धत आहे.”

“मग ‘घ्या’ म्हणून मधे जी थांबते, ती ‘सोडा’ म्हणायला विसरली तर?”

आठवड्याभरात त्यांचा उत्साह ओसरला आणि मुदतराव पुन्हा अशास्त्रीय श्वास घेऊ लागले. वर्ग मात्र त्यांना विसरला नाही. मोफत महिना संपताच त्याने संपूर्ण वर्षाचे पैसे एकदम उचलले. ते उचलले पगाराच्या आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी सकाळी, पगार जमा होण्याच्या थोडं आधी, वीज मंडळ आपोआप पैसे घ्यायला आलं आणि रिकाम्या हाताने परत गेलं. बँकेने तसं कळवलंही. पण तो फोन कपाटात, इस्त्रीच्या सदऱ्यांवर ठेवलेला होता, कारण आपोआप कारभारात फोन जवळ बाळगण्याची गरज काय, असा मुदतरावांचा सिद्धान्त होता.

पुढचं बिल जिन्याखालच्या पेटीत आलं. त्यावर तांबड्या अक्षरांत विलंब आकार छापलेला होता आणि ते घडीबाहेर डोकावत होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या वकिलांनी ते स्वतःच्या टपालातून बाजूला काढलं, चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला आणि वर येऊन बेल वाजवली.

“हे तुमचं नसेल,” ते म्हणाले. “नावात घोटाळा झाला असेल.”

मुदतरावांनी कागद हातात घेतला. घोटाळा नव्हता. प्रयोगशाळेत दूषित नमुना ज्या चेहऱ्याने ते पाहत, त्याच चेहऱ्याने त्यांनी तो आकार पाहिला.

“रक्कम किरकोळ आहे हो,” वकील म्हणाले.

रक्कम किरकोळ होती, हेच तर दुःख होतं. मोठ्या रकमेसाठी माणूस निदान संकटात सापडला असं म्हणता येतं. संध्याकाळपर्यंत इमारतीत बातमी झाली. तळमजल्यावरचा शिंपी फाटकाशी भेटला तेव्हा अत्यंत आदराने बाजूला सरकला; दुखवट्याला आलेला माणूस सरकतो तसा.

श्वसनवर्ग बंद करायचा, एवढाच आता प्रश्न होता. मुदतराव त्या रात्री जेवण झाल्यावर टेबलाशी बसले. वर्ग बंद करण्याचं बटण शोधण्यात त्यांचा बराच वेळ गेला. ते सापडलं तेव्हा फोनने विचारलं: खरंच जाताय? त्यांनी होय म्हटलं. फोनने विचारलं: आम्ही कुठे कमी पडलो? विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणं हा मुदतरावांचा स्वभाव. त्यांनी आवाजाची गती, श्वास रोखण्याचा कालावधी आणि एकूण उपयुक्तता यांवर सविस्तर अभिप्राय लिहिला. फोनने आभार मानले आणि खाली एक मोठं हिरवं बटण दाखवलं. मुदतरावांनी ते दाबलं. ते बटण थांबणाऱ्यांसाठी होतं. जाणाऱ्यांसाठीचं बटण त्याखाली करड्या रंगात, औषधाच्या बाटलीवरच्या सूचनांइतक्या बारीक अक्षरांत होतं. आता त्यांची वर्गणी कौटुंबिक झाली. घरातली चार माणसं वर्षभर शास्त्रशुद्ध श्वास घेऊ शकणार होती.

“आपण दोघंच आहोत,” पत्नी म्हणाली. “उरलेले दोन श्वास कोणाला द्यायचे?”

सल्ल्यांना तोटा नव्हता. वकिलांच्या मते रीतसर नोटीस धाडायला हवी होती. पत्ता मिळाला की ते मसुदा करणार होते, पण वर्गाला पत्ताच नव्हता. शिंप्याने सोपा उपाय सांगितला: कार्ड हरवलं म्हणून बँकेला कळवा. “हरवलेलं नाही,” मुदतराव म्हणाले. “मग हरवा,” शिंपी म्हणाला. पण ज्या माणसाने उसनं दिलेलं पेनसुद्धा कधी हरवलं नाही, त्याला हे जमणं कठीण होतं. मेहुण्याने फोनवर अंगठा फिरवून पाहिला आणि पहिल्यांदाच जांभई दिली.

वर्गाच्या मदत-केंद्राने सांगितलं की पैसे बँक देते, तेव्हा बँकेला सांगा. बँकेतल्या अधिकारी मुलीने, तिला सर्दी झाली होती, सांगितलं की पैसे वर्ग मागतो, तेव्हा वर्गाला सांगा. मुदतराव अर्धी रजा काढून पुन्हा बँकेत गेले. तिने रुमाल नाकाशी धरून त्यांचं म्हणणं पुन्हा पूर्ण ऐकलं. तिला त्यांची दया आली असावी.

“काका, ही एकच सूचना मला इथून बंद करता येत नाहीये. सगळ्या एकदम बंद करता येतात. करू का?”

“सगळ्या?”

“हो. मग तुम्हाला हव्या त्या परत सुरू करा.”

मुदतरावांच्या डोळ्यांसमोर ते तांबडं बिल उभं राहिलं. “करा,” ते म्हणाले, आणि सही अशी केली की कागदाच्या मागे उमटली. घरी येऊन त्यांनी पत्नीसमोर जाहीर केलं, की या घरातून यापुढे एक पैसाही आपोआप जाणार नाही. मग त्यांनी डबीतून टाचणी काढली आणि शांत झोप घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी खालून फोन आला.

“मुदतराव,” मोठ्या बाई म्हणाल्या, “माझं पुस्तक बोलायचं थांबलंय.”

ते जिना उतरले तेव्हाच त्यांना सगळं उमगलं होतं. वीज, गॅस, टेलिफोन त्यांनी मोजून आठवले होते; बाईंची वर्गणी त्यांच्या हिशेबात बिल म्हणून कधी बसलीच नव्हती.

बाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. समोर तिपाईवर फोन गप्प पडला होता.

“डोंगरावरचं घर,” बाई म्हणाल्या. “बाहेर बर्फ. इन्स्पेक्टरने सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावलं. म्हणाला, खुनी या खोलीतच आहे. आणि मग एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, आपली वर्गणी बंद करण्यात आली आहे. आधी मला वाटलं, तीच खुनी आहे.”

मुदतरावांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं; एक नातं तेवढं गाळलं. सांगताना त्यांची नजर तिपाईच्या खालच्या फळीवर गेली. तिथे पाकिटं होती. एकावर एक, कडा जुळवून ठेवलेली, जितके शनिवार ते आले नव्हते तितकी.

“ही…”

“तुमचीच. ठेवत गेले. पहिल्यांदा वाटलं, बरं नसेल. मग जिन्यात तुमचा आवाज ऐकला, वकिलांना काहीतरी फायदे समजावत होतात. म्हटलं, बरं आहे.”

“तुम्ही बोलवायचं तरी.”

“काय म्हणून बोलावू? पैसे न्या म्हणून? देणेकऱ्याने तगादा लावल्याचं मी कुठे वाचलेलं नाही.”

 दर पहिल्या शनिवारी चहाचं आधण ठेवून नंतर ते उतरवत राहिलेल्या बाई मुदतरावांना दिसल्या. आणि हे दृश्य तांबड्या बिलापेक्षा जास्त बोचलं. तो विलंब आकार निदान कुणीतरी छापून कळवला होता.

“मी वाचनालयातून ते पुस्तक आणतो,” ते म्हणाले. “शेवटचं प्रकरण वाचून दाखवतो.”

“नको. इमारतीच्या सभेत तुम्ही इतिवृत्त वाचता, ते मी ऐकलंय. तुमच्याकडून ऐकलं तर खुनी कोण, याबद्दल मला काही वाटणार नाही.” मग त्या म्हणाल्या, “पण मला ती पुस्तकं हवीत, मुदतराव. दिवस मोठा असतो.”

एवढंच. आवाज नेहमीसारखाच होता. मुदतरावांनी तिथूनच ग्रंथालयाला फोन लावला आणि बाईंनाही ऐकू यावं म्हणून आवाज मोकळा सोडला. तो त्यांचा शेवटचा अविचार होता.

“सेवा परत सुरू होईल, सर,” पलीकडून एक तरुण म्हणाला. “पण नव्याने आपोआप कपातीची परवानगी द्यावी लागेल. रोख घेत नाही. आणि सभासदाची संमती हवी. तुमच्या मातोश्री जवळ आहेत का?”

खोलीत शांतता पसरली. दिवाणखान्यात इन्स्पेक्टर बोलून गेल्यावर पसरली असेल तशी. मुदतरावांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग छताकडे.

“आहेत,” बाई म्हणाल्या.

“नमस्कार, आजी. तुम्ही यांच्या आई ना?”

“हो.”

“यांच्या खात्यातून तुमची वर्गणी भरायला तुमची हरकत नाही ना?”

“नाही. लहानपणापासून जरा हट्टी आहे, पण मनाने वाईट नाही.”

फोन ठेवल्यावर मुदतराव कानांपर्यंत लाल झाले होते. “त्यांच्या यादीत शेजारी नव्हतं,” ते म्हणाले.

“असू दे. मला मूलबाळ नाही, आणि हे पन्नाशीचं, आयतं, नोकरीला लागलेलं मिळालं. सेवा कधी सुरू होईल म्हणाला?”

“आठवडाभरात.”

“होऊ दे. खुनी कुठे जात नाही. खोलीतच आहे.”

त्या संध्याकाळी मुदतरावांनी कोणाचाही सल्ला घेतला नाही. दुसऱ्या दिवशी ते बँकेत गेले आणि त्यांनी त्याच अधिकारी मुलीकडून, तिची सर्दी आता बरी होती, एक वेगळं लहानसं खातं उघडून घेतलं. त्याला कार्ड नाही, त्याचा फोनशी कसलाही संबंध नाही. त्यात बाईंच्या वर्षभराच्या वर्गणीला पुरतील एवढे पैसे ठेवले आणि तिथून एकच सूचना दिली. आपण आजारी पडलो, विसरलो, गावाला गेलो, किंवा मेहुणा म्हणाला तसं आणखी काही झालं, तरी ते पुस्तक मधेच गप्प होता कामा नये. बाकीची बिलं मात्र ते हाताने भरणार होते. घरात जाहीर केलेल्या प्रतिज्ञेचं काय, असं पत्नीने विचारलं नाही. तिने फक्त टाचणीची डबी टेबलावर आणून ठेवली.

महिन्याचा पहिला शनिवार आला. दाढी, चहा, ओलं फडकं, कोरडं फडकं. बिलं रस्त्याच्या क्रमाने मांडली गेली. गठ्ठा एका बिलाने पातळ होता. पिशवी, छत्री आणि दोन पेनं घेऊन मुदतराव पहिल्या मजल्यावर थांबले आणि त्यांनी बेल वाजवली. बाईंची वर्गणी पहाटेच आपोआप गेली होती. त्यांना तिथे काहीही काम नव्हतं.

बाईंनी पाकीट पुढे केलं. त्यांनी ते घेऊन खिशात ठेवलं.

“खुनी कळला,” बाई म्हणाल्या. “पण सांगायला सुरुवातीपासून सुरुवात करावी लागेल. वेळ आहे का? विजेची रांग असेल.”

रांग असणारच होती. पहिल्या शनिवारी ती रस्त्यापर्यंत येते, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. मुदतरावांनी छत्री दाराला टेकवली, पिशवी जमिनीवर ठेवली आणि खुर्चीत पाठ टेकून बसले.